मंदीत नाशिकच्या एमआयडीसीत पहिली नोकरी धरताना

सातपूर किंवा अंबडला काम शोधायला निघालेला मुलगा आधी पगार विचारतो. बाजार मंदावलेला असताना त्याच्याही आधी एक गोष्ट विचारायला हवी: या कारखान्याचं शेड्यूल कुठून येतं?

शेड्यूल म्हणजे पुढच्या महिन्यात कोणता भाग किती नग लागणार, याची मोठ्या कंपनीकडून आलेली यादी. गाड्या खपेनाशा झाल्या की वाहन कंपनी यादी कापते. तिला माल देणारा पुरवठादार त्याहून जास्त कापतो, कारण त्याच्या गोदामात आधीचा माल पडून असतो. त्याचं जॉबवर्क, म्हणजे मजुरीवर भाग बनवून देणाऱ्या आठ-दहा मशीनच्या लहान शेडपर्यंत हे पोचतं, तोवर काम निम्म्यावर आलेलं असतं. कारखान्यात याची लक्षणं साधारण ठरल्या क्रमानं दिसतात: आधी ओव्हरटाइम बंद, मग तिसरी पाळी, मग ठेकेदाराची मुलं कमी, मग ‘नो प्रॉडक्शन डे’, म्हणजे उत्पादनबंदीचे दिवस, आणि शेवटी पगाराची तारीख पुढे सरकते. मुलाखतीला जाल तेव्हा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोनच गोष्टी विचारा. रात्रपाळी चालू आहे का? मागचा पगार किती तारखेला झाला? 7 तारखेचा पगार 20 तारखेला होत असेल, तर मालकाचं बिल वर कुठेतरी अडकलंय.

मंदी आणि तंत्रबदल यांत मात्र गल्लत करू नका. 2019 मध्ये वाहनविक्री घसरली, तेव्हा वाहन आणि सुट्या भागांच्या मोठमोठ्या कारखान्यांनी उत्पादनबंदीचे दिवस जाहीर केले. लगेच 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-6 हे कडक नियम लागू झाले आणि लहान डिझेल गाड्या बाजारातून जवळपास हटल्या. विक्री पुढे सावरली, पण डिझेलचं ते काम तेवढं परत आलं नाही. डिझेल इंजेक्शनच्या भागांवर वाढलेल्या नाशिकसाठी हा फरक जिवाचा आहे. शेडमध्ये बनणारा भाग फक्त डिझेल इंजिनातच बसतो का, की ट्रॅक्टर, पंप, स्विचगिअर (विजेची स्विच-उपकरणं) यांनाही लागतो, हे विचारून घ्या. एकाच गिऱ्हाइकावर तीन-चतुर्थांश काम असलेल्या चकचकीत कारखान्यापेक्षा तीन वेगळ्या धंद्यांना माल देणारी साधी शेड मंदीत बरी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अंबड-सातपूरमधल्या विजेच्या उपकरणांच्या कामाचा गाड्यांच्या विक्रीशी थेट संबंध नाही. ओझरच्या एचएएलला, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्याला, लागणारे भाग बनवणाऱ्यांचं काम वर्षानुवर्षांच्या ऑर्डरवर चालतं, तिथे मंदीचा धक्का हळू लागतो. पण मंजुऱ्या आणि तपासण्या कडक असल्यानं तिथे नवख्याची भरतीही कमीच. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाउसं जानेवारी ते एप्रिल हात मागतात. ते हंगामी काम आहे, कारखाना बंद असताना घर चालवायला उपयोगी, पण त्यावर करिअर बेतू नका.

मशीन चालवणारे ऑपरेटर पुष्कळ मिळतात, मशीनची जुळणी करणारे सेटर मिळत नाहीत. माणसं कमी करताना ज्याला फक्त मशीनवर नग लावून बटण दाबता येतं तो आधी जातो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत मोजमाप आणि ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, पक्के करा. मायक्रोमीटर हातात घेतला की आधी शून्य तपासा. सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या) लेथवर 30.00 मिमीचा बाहेरचा व्यास 30.04 येत असेल, तर एक्सच्या, म्हणजे व्यासाच्या दिशेच्या, वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेच्या दुरुस्तीत) उणे 0.04 द्यायचं. नवखे इथे दोन चुका करतात. व्यास आहे म्हणून अर्धं, म्हणजे 0.02 देतात, पण बहुतेक लेथवर एक्सचं माप व्यासातच धरलेलं असतं. दुसरी चूक चिन्हाची: अधिक दिलं की पुढचा नग 30.08 निघतो. निदान तो बारीक करून वाचतो. बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकात, तीच चूक झाली की भोक मोठं होतं आणि नग सरळ भंगारात.

पगाराची स्लिप ओळीओळीनं वाचा. समजा एकूण 14,000, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) 10,000. पीएफ 12 टक्क्यांनी 1,200, ईएसआय (कामगार विमा) 0.75 टक्क्यांनी 105, व्यवसाय कर 200, हातात 12,495. (महिलांना या पगारावर व्यवसाय कर नाही, आणि फेब्रुवारीत तो 300 कापतात.) स्लिपवर पीएफ दोनदा कापलेला दिसला, तर ठेकेदार मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून भरतोय. हे बेकायदा आहे. कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जमा व्हायला हवा, उमंग ॲपवरच्या पासबुकात दर महिन्याला बघा. मंदीत पैसा अडला की बरेचदा आधी हाच भरणा थांबतो, आणि चार महिन्यांनी कळलं तर ठेकेदार बदललेला असतो.

240 हा आकडा लक्षात ठेवा. वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला, 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, ले-ऑफच्या, म्हणजे काम नसल्यानं घरी बसवलेल्या, दिवसांचा बेसिक आणि डीएच्या निम्मा मोबदला मिळतो. काही ठेकेदार सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात तो हे 240 दिवस भरू नयेत म्हणूनच. कागदावर ठेकेदाराचं नाव बदलतं, मशीन तेच राहतं. गेट पास, हजेरी कार्ड आणि प्रत्येक स्लिपचा फोटो काढून ठेवा. वाद कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात गेला, तर तिथे कागदच बोलतो.

काहीच मिळत नसेल तर घरी बसून वर्ष घालवण्यापेक्षा अप्रेंटिसशिप धरा. आयटीआयवाल्यांनी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर आणि डिप्लोमावाल्यांनी नॅट्स या त्यांच्यासाठीच्या सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी. नोकरभरती थांबवलेल्या मोठ्या कारखान्यांनाही कायद्यानं ठरावीक प्रमाणात अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे मंदीत आत शिरायचं हेच दार उघडं असतं. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून मगच फॉर्म भरा. आईवडिलांनी घरात लावलेलं नाव एका कागदावर आणि शाळेतलं दुसऱ्यावर असलं की अर्ज तिथेच अडकतो.