वायफाय जोडलंय, पण लॅपटॉपवर नेट नाही?

आधी त्याच वायफायवर मोबाइल लावून बघा, पण मोबाइलचा डेटा बंद करून. नाहीतर नेट चालल्याचा भास होतो. मोबाइलवरही नेट नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर बाहेरून सिग्नलच येत नाहीये, सरळ तक्रार नोंदवा.

मोबाइलवर चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून आज्ञा द्यायची काळी खिडकी) उघडून ‘पिंग ८.८.८.८’ द्या (अर्थात इंग्रजीत टाइप करून). हा गूगलचा डीएनएस सर्व्हर. उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाहीत, म्हणजे नेट आहे, नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस ‘मॅन्युअल’ करून तिथे हाच ८.८.८.८ भरा. ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारं सॉफ्टवेअर) चालू राहिलंय का, तेही बघा. घरून काम करणाऱ्यांकडे बहुतेकदा चोर तिथेच सापडतो.

पिंगला उत्तरच येत नसेल तर त्याच खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) द्या. आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा, राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा.

जुन्या लॅपटॉपवर तारीख-वेळही तपासा. आतला सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि वेबसाइट सुरक्षिततेचे इशारे देत बसतात.

‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी. त्यात जतन केलेले वायफायचे सगळे पासवर्ड उडतात.