वरच्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक कसा पारखावा

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरच्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) टिकेल का, हे जोखताना महाविद्यालयीन सामन्यांतील आकडे आधी बाजूला ठेवावेत. कारण तिथे बलाढ्य संघाचे रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू) बरेचदा मोकळेच सापडतात, तर व्यावसायिक सामन्यात ते मोकळे होण्याआधीच चेंडू हातातून सुटावा लागतो. म्हणून चित्रफीत पाहताना पहिला रिसीव्हर अडवला गेल्यावर क्वार्टरबॅकची नजर दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे वळते की तो लगेच पळत सुटतो, हे तपासावे. हाताच्या ताकदीला भुलू नये: २००७ मध्ये ओकलंड रेडर्सने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या जमार्कस रसेलकडे ती भरपूर होती, तरी तीन हंगामांतच त्याची कारकीर्द आटोपली.

मग संघ पाहावा; माझ्या मते बहुतेकांची गफलत इथेच होते. वरचा क्रमांक सहसा आदल्या हंगामात सपाटून हरलेल्या संघाकडे असतो. २००२ मध्ये नव्याने उतरलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच हंगामात तो ७६ वेळा चेंडूसह पाडला गेला. क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी पुढची फळी इतकी कच्ची असताना सारा दोष खेळाडूच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. प्रशिक्षक वारंवार बदलतात का, हेही पाहून ठेवावे.