विंडोजचे अपडेट अडल्यास काय करावे
अपडेट अर्धवट थांबले, की तेच बटण पुन्हा दाबण्यापूर्वी पडद्यावरचा एरर कोड लिहून घ्यावा आणि सी ड्राइव्हवर किती जागा शिल्लक आहे ते पाहावे, कारण मोठ्या अपडेटला २० जीबीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. तारीख व वेळही तपासावी. ती चुकीची असल्यास सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर ‘विंडोज अपडेट’ ही सर्व्हिस (पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्राम) थांबवून, विंडोजच्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ फोल्डरमधील ‘डाउनलोड’ हा फोल्डर रिकामा करावा, सर्व्हिस पुन्हा सुरू करावी आणि संगणक रीस्टार्ट करून अपडेट नव्याने उतरवून घ्यावे. अर्धवट उतरलेल्या फायली त्यामुळे निघून जातात. आपली कागदपत्रे व छायाचित्रे मात्र जशीच्या तशी राहतात, म्हणून हा उपाय करताना घाबरण्याचे कारण नाही.