फक्की मारण्याआधी: घराचा आराखडा कसा करावा

घराचा नकाशा काढायला बसलेले बहुतेक लोक हॉल केवढा आणि बेडरूम किती येथून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. खोल्यांचे आकार कागदावर अखेरपर्यंत बदलता येतात. परंतु ऊन कोणत्या बाजूने येणार, सांडपाणी कोठून बाहेर जाणार आणि भार कोणत्या कॉलमवर उतरणार, या तीन गोष्टी एकदा ठरल्या की घर उभे आहे तोवर त्या बदलत नाहीत. म्हणून आराखडा या तिन्हींपासून सुरू करावा आणि खोल्या त्यांच्या आधाराने बसवाव्यात.

नवे घर बांधायचे असल्यास पेन्सिल उचलण्यापूर्वी मोजणीचा नकाशा, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि प्लॉट कोणत्या झोनमध्ये येतो याचा दाखला हाती असावा. महापालिका असो वा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे सामासिक अंतरे, म्हणजे प्लॉटच्या कडेने मोकळी ठेवायची जागा, सोडावीच लागतात आणि ती सोडल्यावर किती जागा उरते हे पाहून अनेकांचा हिरमोड होतो. समजा ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर चारही बाजूंनी केवळ पाच-पाच फूट सोडायचे झाले, तरी जोत्यासाठी २० बाय ३० म्हणजे ६०० चौरस फूट, अर्थात निम्मीच जागा राहते. प्लॉट पुण्यात मुठा किंवा मुळा नदीच्या जवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषाही तपासावी. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. परंतु जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा तळमजल्याची उंची हा आजचाही प्रश्न आहे हे पुन्हा दिसले.

आता उन्हाविषयी थोडे सविस्तर. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा घातला, तर उन्हाळ्यातली दुपार आपोआप बाहेर राहते आणि थंडीत मात्र छज्ज्याची सावली दोन-सव्वादोन फुटांवर संपून चार फूट उंचीच्या खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येते. दक्षिणेचे दार म्हटले की दचकणाऱ्या मंडळींनी दक्षिणेच्या खिडकीला तरी नाक मुरडू नये.

खरी अडचण पश्चिमेची आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतरचे ऊन इतके तिरपे येते की छज्जा कितीही मोठा केला तरी ते अडत नाही. नऊ इंची विटेची भिंत ती उष्णता साठवून घेते आणि आपण झोपायला जातो त्या वेळी आत सोडू लागते. म्हणून पश्चिमेला बेडरूम ठेवू नये, जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली अशा गोष्टी तिकडे लावाव्यात, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बव्हंशी बरोबर आहे. मात्र उन्हाळ्याच्या संध्याकाळी पुण्यात जो गार वारा सुटतो, तो पश्चिमेकडूनच येतो, हे या सल्ल्यात विसरले जाते. ती बाजू पूर्ण बंद केली तर रात्री पंख्याखाली तगमग करत बसावे लागते. यावर मला पटलेला उपाय म्हणजे पश्चिमेला जिन्याच्या जोडीने एक खोल व्हरांडा किंवा गॅलरी ठेवावी, तिला चिकाचा (बांबूच्या पडद्याचा) किंवा वेलीचा आडोसा करावा, तिच्या मागच्या खोलीला त्या दिशेने एक उघडता येणारी खिडकी द्यावी आणि समोरच्या भिंतीत वारा बाहेर जाण्यासाठी दुसरी खिडकी ठेवावी. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांपेक्षा समोरासमोरच्या दोन लहान खिडक्या अधिक वारा खेळवतात. उजेडाचे ढोबळ गणित असे की खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच खोलीत कामापुरता उजेड पोहोचतो. सात फुटांवर माथा असेल तर चौदा-सतरा फुटांपलीकडे दिवसाही दिवा लावावा लागतो. जुन्या वाड्यांच्या मधोमध चौक का असे, याचे उत्तर बऱ्याच अंशी यातच आहे.

वास्तुशास्त्र मानायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र घरातल्या थोरांना ते पाहायचे असेल, तर पहिल्या कच्च्या नकाशाच्या वेळीच पाहून घ्यावे. आग्नेयेचे स्वयंपाकघर पश्चिमेच्या वाऱ्यालाही सोयीचेच पडते, कारण फोडणीचा धूर घरात न पसरता बाहेर जातो. परंतु हीच सूचना जोते झाल्यावर आली की सगळ्या पाइपलाइनची दिशा बदलावी लागते.

पाइपलाइन म्हणजे ओल्या जागा. स्वयंपाकघराचे सिंक, भांडी घासण्याची जागा, वॉशिंग मशीन आणि संडास-बाथरूम जितक्या जवळजवळ आणि वरच्या मजल्यावर एकावर एक येतील, तितके पुढचे गळतीचे धोके कमी. फ्लॅटचे नूतनीकरण करताना तर हा नियम मोडूच नये. बाथरूम दहा फूट सरकवायचे ठरवले, तर चार इंची पाइपला चाळीसास एक असा उतार देण्यासाठी तीन इंच, स्वतः पाइपचे चार इंच आणि वरचा कोबा व टाइल्स धरून आठ-नऊ इंचांनी जमीन उचलावी लागते. म्हणजे घरात कायमची पायरी येते आणि वृद्धांच्या ती जन्मभर पायात येते. शिवाय नवी ओली जागा खालच्यांच्या बेडरूमवर येत असेल तर वॉटरप्रूफिंग कितीही चोख केले, तरी संबंध बिघडण्याची सोय करून ठेवल्यासारखे होते. सोसायटीला लेखी कळवून, शक्य तर खालच्या शेजाऱ्यांना नकाशा दाखवून मगच हातोडा चालवावा.

पाडापाडीबाबत एवढेच की कॉलम, बीम आणि स्लॅब यांना हात लावायचा नाही, आणि जुन्या लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार पेललेल्या, इमारतीत तर कोणतीही भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय काढायची नाही. नवी भिंत घालणेही निरुपद्रवी नसते. तीन मीटर उंचीची चार इंची विटेची भिंत गिलाव्यासह दर मीटर लांबीला सुमारे ८०० किलो भरते. खाली बीम नसेल तर हलक्या ब्लॉकची किंवा लाकडी चौकटीची पार्टिशन उभारावी.

एवढे ठरल्यावर खोल्यांकडे यावे, आणि येथे कागदावर विसंबू नये. मोकळा प्लॉट असेल तर चुन्याच्या फक्कीने, फ्लॅट असेल तर खडूने किंवा चिकटपट्टीने प्रत्यक्ष मापात भिंती आखाव्यात, नाहीतर गच्चीवर आखाव्यात. मग कपाट, पलंग, जेवणाचे टेबल यांच्या मापांची वर्तमानपत्रे कापून त्यात पसरावीत. सहा बाय साडेसहा फुटांच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सोडायचे, तर ती भिंत किमान दहा फुटांची हवी. समोर दोन फूट खोल कपाट आणि त्याचे दार उघडून माणूस उभा राहील इतकी जागा धरली की दुसरी बाजू साडेअकरा-बारा फुटांच्या खाली येत नाही. दारे कोणत्या बाजूला उघडतात हेही तेथेच दाखवावे. आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये फ्रिजची जागा कागदावर अगदी बरोबर बसली होती. पण त्याचे दार बाजूच्या भिंतीला अडून अर्धेच उघडत असे, त्यामुळे भाजीचा कप्पा कधीच पूर्ण बाहेर आला नाही.

स्वयंपाकघराची आखणी जी व्यक्ती तेथे रोज उभी राहते तिच्यासमोर करावी. ओट्याची उंची सरसकट ३२ इंच न धरता, उभे राहून कोपर वाकवावे आणि त्याच्या खाली चार इंचांवर ओट्याची पातळी धरावी. फ्रिज, सिंक आणि गॅस या क्रमाने हात फिरला पाहिजे; सिंक आणि गॅस यांच्यामध्ये परात ठेवून कणीक मळता येईल एवढी, म्हणजे निदान अडीच फूट, कोरडी जागा सोडावी. पुण्यातल्या फ्लॅटमधली ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघरालगतची धुण्या-भांड्यांची गॅलरी, स्वयंपाकघरात घेण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो अजिबात मान्य नाही: पावसाळ्यात ओले कपडे, भांड्यांची टोपली आणि सिलिंडर हॉलमध्ये येतात, आणि असे बदल मंजूर नकाशाशी जुळत नसल्यास घर विकताना वेगळीच डोकेदुखी होते.

बंगल्यात जिन्याला नेहमी कमी जागा धरली जाते. दोन स्लॅबमध्ये दहा फूट अंतर असेल, तर पावणेसात इंचांच्या आतबाहेरच्या अठरा चढण्या लागतात. मध्ये वळण घेऊन, दहा इंची पायऱ्या आणि तीन फूट रुंदी धरली, तर साडेसहा बाय दहा फुटांचा चौकोन केवळ जिन्याचा होतो.

विजेचे पॉइंट या सर्वांनंतर, फर्निचर आखून झाल्यावर ठरवावेत, अन्यथा निम्मे पॉइंट कपाटामागे जातात. शेवटच्या नकाशावर तारीख घालून आर्किटेक्ट आणि मालक या दोघांनी सह्या कराव्यात, त्याची एक प्रत साइटवर भिंतीला लावावी आणि आधीचे सगळे प्रिंट फाडून टाकावेत. दोन वेगवेगळे नकाशे साइटवर फिरत असले की गवंडी हाताला लागेल तो धरून काम करतो.