जर्मनीत नोकरीला येताय? करारातली टारिफची ओळ आधी वाचा

पुण्याहून श्टुटगार्टला येऊन मला अकरा वर्षं झाली. ऑफर आली की आपली मुलं वर्षाचा आकडा बघतात, मनातल्या मनात रुपयांत करतात आणि सही ठोकतात. मीही तेच केलं होतं.

इथे युनियन आणि मालकांची संघटना मिळून पगार, तास, रजा ठरवतात. त्या कराराला टारिफफेरट्राग, थोडक्यात टारिफ म्हणतात. तो प्रत्येकाला आपोआप लागू होत नाही. 1949 च्या कायद्याप्रमाणे कंपनी त्या कराराने बांधलेली हवी आणि तुम्ही युनियनचे सभासद हवेत. मग तुमच्या नोकरीच्या करारात त्याहून कमी लिहिलेलं चालत नाही, जास्त लिहिलेलं मात्र टिकतं. सभासद नसाल, तर बहुतेक वेळा सगळी मदार तुमच्या करारातल्या एका वाक्यावर असते: 'अमुक उद्योगाचा टारिफ लागू राहील.' पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने रजा फक्त 20 दिवस. आमच्या मेटल उद्योगाच्या टारिफात 30, आणि आठवडा 35 तासांचा. हे वाक्य नसेल तर सहीआधी विचारा.

पण त्याच वाक्यातून टारिफातली, हक्क मागण्याची मुदतही तुमच्या गळ्यात पडते. माझं नुकसान तिथेच झालं. आठ महिन्यांचे जादा तास मी वहीत टिपून ठेवले होते. प्रोजेक्ट संपला की मागू, आत्ता वाईटपणा कशाला, असा विचार. वही घेऊन गेलो तेव्हा एचआरच्या बाईंनी पुस्तिका उघडून एका परिच्छेदावर बोट ठेवलं: तीन महिन्यांत मागणी केली नाही तर हक्क संपला. पाच महिन्यांचे पैसे गेले. मला कुणी सांगितलं नव्हतं, हे तिथे चाललं नाही. म्हणून जादा तास झाले की त्याच महिन्यात लेखी मागा. तारीख, तास, रक्कम, सगळं. साहेबांशी चहावर बोललात ते धरू नका. कुठे ईमेल पुरतो, कुठे सहीचं पत्र लागतं. मी दोन्ही देतो.

युनियन म्हटलं की आपल्या लोकांना चिंचवडच्या गेटवरचा संप आठवतो. 'आपण इंजिनिअर, आपल्याला काय करायचंय?' हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. इथे माझ्या शेजारी बसणारे इंजिनिअर सभासद आहेत. आयजी मेटाल या आमच्या मेटल उद्योगाच्या युनियनची वर्गणी एकूण पगाराच्या 1 टक्का आहे, आणि तीन महिन्यांच्या सभासदत्वानंतर कामगार न्यायालयातही त्यांची कायदेशीर मदत मिळते.

लागू असलेला टारिफ कामाच्या जागी पाहायला ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. आमच्याकडे तो बेट्रीब्सराटच्या, म्हणजे कामगार समितीच्या खोलीत असतो. पहिल्याच आठवड्यात जा, 'आउसश्लुसफ्रिस्ट' (म्हणजे हक्क मागण्याची मुदत) हा शब्द शोधा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.