तापात आकडी आली तर आधी घड्याळ बघा

माझा मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हा रात्री तापात पहिल्यांदा फिट आली, अंग ताठ, डोळे वर, ओठ निळसर, हातपाय झटके देतायत, मला वाटलं संपलं सगळं. सासूबाई कांदा आणायला धावल्या, शेजारच्या काकू म्हणाल्या दातखीळ बसलीय, चमचा घाल तोंडात. प्लीज यातलं काहीच करू नका. चमचा, बोट, पाणी, औषध काहीच तोंडात नाही, दात तुटतो नाहीतर घशात अडकतं. जीभ कोणी गिळत नाही. कांदा, चप्पल हुंगवून फिट थांबत नाही.

बाळाला खाली सतरंजीवर एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ, उलटी बाहेर येईल, गळ्याजवळचं बटण सोडा, हातपाय दाबून धरू नका, आणि घड्याळ बघा. घड्याळाचं मी सगळ्यांना सांगते कारण त्या वेळी दोन मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात आणि डॉक्टर पहिलं हेच विचारतात, किती वेळ चालली. दुसरं कोणी घरात असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरांना खूप उपयोग होतो.

बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, मग बाळ थोडा वेळ गुंगीत झोपतं. ५ मिनिटं झाली आणि चालूच आहे तर १०८ ला फोन किंवा सरळ जवळचं हॉस्पिटल. २४ तासांत परत आली, अंगाच्या एकाच बाजूला आली, मान कडक वाटतेय, तासाभरानंतरही नीट जागं होत नाही, किंवा बाळ ६ महिन्यांपेक्षा लहान आहे, तरीही लगेच न्या. आणि पहिलीच वेळ असेल तर थांबली तरी त्याच वेळी दाखवाच.

आता अपराधीपणाचं. मी कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होते की औषध वेळेवर दिलं नाही म्हणून झालं. तसं नसतं. कधीकधी ताप आहे हे कळायच्या आधीच फिट येते, आणि पॅरासिटामॉलने बाळाला बरं वाटतं पण फिट टळेलच असं नाही. ६ महिने ते ५ वर्षांत १०० मधल्या २ ते ५ मुलांना हे होतं, साधारण तिघांतल्या एकाला परत होतं, पण अशा साध्या फिटने मेंदूला इजा होत नाही.

पॅरासिटामॉलचा डोस मात्र वजनावर, किलोला १५ मिग्रॅ, दोन डोसमध्ये निदान ४ ते ६ तास. सिरपची बाटली नीट वाचा, ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ वालं वेगळं आणि २५० वालं वेगळं, रात्री घाईत इथेच दुप्पट जातं. थंड पाण्याने आंघोळ वगैरे नको, बाळ कुडकुडतं फक्त.

परत येण्याची शक्यता असेल तर काही डॉक्टर फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलॅम स्प्रे लिहून देतात. किती पफ, कधी मारायचा हे त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या, आमचा फ्रिजवर चिकटवलाय आणि एक कॉपी पाळणाघरातल्या ताईंकडे आहे, त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते मी बाहुली घेऊन दाखवलं.