जुन्या जीपला मोठं इंजिन: काय तुटेल ते आधी कागदावर शोधा

जुन्या सीजे-३बी जीपला टर्बो डिझेल चढवायचं म्हटलं की गॅरेजात पहिला प्रश्न येतो, "बसेल का?" बसतं. वेल्डिंग मशीन आणि चांगला मिस्त्री असला की काहीही बसतं. इंजिनाच्या मागे काय काय तुटेल, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते एका कागदावर, साध्या गुणाकारानं काढता येतं.

आधी आरटीओ

इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. म्हणून इंजिनाला इसार देण्याआधी आपल्या आरटीओत विचारून या. नंतर विचारलं तर हातात फक्त भंगार उरतं.

टायरची पकड मोजा

चाकापर्यंत किती जोर पोचेल, हे शेवटी टायर ठरवतं. पकड सुटली की चाक जागेवर फिरतं आणि मागच्या भागांवरचा ताण तिथेच थांबतो. तेव्हा हा आकडा आधी काढायचा.

समजा भरलेली जीप १,४०० किलोची आहे आणि सुटताना मागच्या चाकांवर ८०० किलो येतात. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरू. ६.००-१६ टायरची त्रिज्या साधारण ०.३६ मीटर. ८०० × ९.८१ × ०.८ × ०.३६ केलं की सुमारे २,२६० न्यूटन-मीटर येतात. याहून जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मागची दोन्ही चाकं मिळूनही जमिनीला देऊ शकत नाहीत.

आता प्रत्येक गिअरचा हिशेब

मूळ हरिकेन इंजिनाचा टॉर्क सुमारे १५५ न्यूटन-मीटर. टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.७९८ (टॉर्क तितक्या पट होतो), दुसरा १.५५१, तिसरा थेट. क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी, ५.३८ चं. पहिल्यात १५५ × २.७९८ × ५.३८ म्हणजे २,३३० च्या आसपास. घर्षणात जाणारा वाटा सोडला तरी मूळ इंजिनच पहिल्या गिअरमध्ये टायरच्या मर्यादेजवळ पोचतं. त्यामुळे २५० न्यूटन-मीटरचं इंजिन लावलं तरी कोरड्या, सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलवर फारसा जास्त भार येत नाही. टायर आधीच हार मानतं.

खरा घोळ दुसऱ्या गिअरमध्ये आहे. २५० × १.५५१ × ५.३८ = सुमारे २,०८५. टायर सुटत नाही, म्हणजे सुटकेची वाट बंद. नव्या इंजिनाचा सगळा टॉर्क दुसऱ्या गिअरच्या दातांवरून जातो, तोही घाट चढताना मिनिटंच्या मिनिटं. तिसऱ्यात वाट थेट असल्यानं गिअरबॉक्सचे दात वाचतात, क्लच वाचत नाही. म्हणून मोठं इंजिन आधी क्लच आणि गिअरबॉक्स खातं. ॲक्सल तोडतात ती मोठी टायरं आणि लो गिअर. त्रिज्या ०.३६ वरून ०.४१ झाली की ॲक्सलवर येऊ शकणारा टॉर्क १४ टक्क्यांनी वाढतो, इंजिनाला हातही न लावता.

लो गिअरमध्ये डाना-१८ ट्रान्सफर केसचं (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) २.४६ गुणोत्तर जोडलं जातं. २५० च्या इंजिनाचे चाकापाशी ९,२०० च्या वर होतात. फोर-बाय-फोर लावल्याशिवाय लो पडू नये म्हणून कंपनीनं आत अटकाव ठेवला आहे, तो याचसाठी. काही हौशी लोक तो काढून टाकतात. काढू नका. दगडात चाक अडकलं तर टायर घसरत नाही आणि मग वरचा हिशेब उरत नाही.

कमजोर जागा डोळ्यांनी बघा

डाना-१८ मध्ये मागच्या चाकांकडे जाणारा जोरही इंटरमीडिएट गिअरवरून वळून जातो, म्हणून तो कायम कामावर असतो. युद्धकाळातल्या जीपमध्ये त्याची शाफ्ट पाऊण इंची होती, पुढे १⅛ आणि नंतर १¼ इंची आली. केस उघडून तुमच्याकडे कोणती आहे ते मोजा. मागच्या ॲक्सलचं हब निमुळत्या टोकावर चावीनं (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) बसतं, नट ढिला पडला की चावी कापली जाते. पुढच्या ॲक्सलचे जॉइंट स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना सर्वांत नाजूक.

गुणोत्तर बदलायचं का?

५.३८ वर ताशी ८० ला इंजिन सुमारे ३,१७० फेऱ्यांवर ओरडतं; ४.२७ वर २,५२०. अमेरिकेत कैसर जीपनं १९६५ साली सीजे-५ ला १६० अश्वशक्तीचं व्ही-६ दिलं तेव्हा ३.७३ चं क्राउन-पिनियन जोडलं. पण यातली मेख लक्षात घ्या: गुणोत्तर उंच केलं, म्हणजे आकडा लहान केला, की टायर उशिरा सुटतं आणि गिअरबॉक्सवरचा भार वाढतो. पहिल्या गिअरमध्ये टायर सुटायला इंजिनाकडून ५.३८ वर १५० न्यूटन-मीटर पुरत होते, ४.२७ वर १९० लागतील. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, इंजिन त्याच्याच गिअरबॉक्ससकट घ्या. क्राउन-पिनियन बदलायचं तर पुढचं-मागचं दोन्ही. नाहीतर फोर-बाय-फोर लावल्यावर गाडी स्वतःशीच भांडते.

बसवणी

लांब गिअरबॉक्स आला की ८० इंची व्हीलबेसमध्ये मागच्या ॲक्सलला जोर नेणारी प्रोपेलर शाफ्ट आखूड आणि तिरकी होते. तिच्या दोन्ही टोकांच्या क्रॉस जॉइंटचे कोन एका अंशाच्या आत सारखे ठेवा आणि दोन्ही योक (जॉइंट धरणारे काटे) एका रेषेत. नाहीतर शाफ्ट दर फेरीत दोनदा झटका देते. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी ॲडॉप्टर प्लेट नवी बनवली असेल तर बेलहाऊसिंगला (क्लचभोवतीचं आवरण) डायल गेज लावा. एका फेरीतला एकूण फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. हे टाळलं तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग लवकर जातं आणि दोष इंजिनाला लागतो.

क्लच मुद्दाम थोडा कमी ताकदीचा निवडा, नव्या टॉर्कला पुरेल पण झटक्याला घसरेल असा. प्लेट बदलणं गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि ९ इंची ड्रम ब्रेकवर जास्त ताकदीची गाडी घाटातून उतरवू नका. ब्रेकचा खर्च इंजिनाच्याच बजेटमध्ये धरा.

पहिले ५०० किलोमीटर लो गिअर आणि जड भार टाळा. मग हबचे नट पुन्हा कसा, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचं ऑइल काढा आणि त्यात चुंबक फिरवा. करडा बारीक गाळ चालतो. नखानं उचलता येईल असा तुकडा निघाला तर गाडी तिथेच उभी ठेवा.